आज झोपू का?

"ताई, तुमच्या मोबाइलात बघा की जरा. आज झोपू का रात्री?"

२०२४ चा जून होता. मृग नुकता लागला होता आणि संध्याकाळचे पाच वाजले असले तरी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला होता, इतकं आभाळ तळजाईच्या टेकडीवर उतरलं होतं. मावशी भांडी आवरून ओटा पुसत होत्या. विचारताना त्यांनी मान वर केली नाही. गॅस संपत आलाय का, तूरडाळ किती भिजवू, असल्या प्रश्नांच्या सुरात त्यांनी ते विचारलं. मी मोबाइल काढला. हवामानाची सहा ॲप माझ्याकडे होती. एकात साठ टक्के पाऊस होता, एकात वीज कडाडणारा ढग होता, विंडीवर जांभळ्या-तांबड्या रेघा सह्याद्रीवरून वाहत होत्या. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट होता, पण तो जिल्ह्याला. आणि पुणे जिल्हा लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत पसरलेला. त्यातून आमच्या टेकडीखालच्या ओढ्यालगतच्या एका दहा बाय बाराच्या खोलीत आज झोपावं की जागावं, हे कुठून काढायचं? मी बराच वेळ बोट फिरवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सांभाळून राहा हं, मावशी."

"ते तर राहतोच की," त्या म्हणाल्या, फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि गेल्या.

त्या रात्री मी जागी होते. दुसऱ्या मजल्यावर, चढावरच्या इमारतीत, जिथे पाणी येण्याची सुतराम शक्यता नाही.

हे जागणं काही त्या दिवशी सुरू झालेलं नव्हतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातून वाहणारा आंबील ओढा फुटल्यासारखा आला, सीमाभिंती पडल्या, गाड्या काड्यापेट्यांसारख्या एकमेकींवर चढल्या, शहर-जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. आमचं काहीही गेलं नाही. आम्ही खिडकीतून फक्त आवाज ऐकला. पण तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की माझ्या पोटात गोळा येतो. पहाटे दोन-अडीचला उठायचं, पाण्याचा घोट घ्यायचा आणि मोबाइल उघडायचा. मग एकातून एक. २०२४ हे साल औद्योगिकपूर्व काळापेक्षा दीड अंशाहून जास्त गरम गेलं. प्रवाळ पांढरे पडले. अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीचं तर मी जणू पालकत्वच घेतलं होतं. तिला कुठे भेग पडली, तिच्या पोटाखाली कोमट पाणी कुठून शिरतंय, सगळं मला ठाऊक. नवरा कूस बदलून म्हणायचा, "हवामान खातं उठलं का?" आणि पुन्हा घोरायला लागायचा. मला त्याचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

थ्वेट्सची मला एवढी माहिती, आणि माझ्या घरी अकरा वर्षं येणाऱ्या बाईच्या दाराला ओढ्यापासून किती पायऱ्या आहेत हे मला माहीत नव्हतं. मावशींच्या त्या प्रश्नानंतर हेच टोचत राहिलं. त्या बिचाऱ्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

या भीतीला आता नाव आहे, अभ्यास आहेत. २०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये आलेल्या पाहणीत भारतासह १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार तरुणांना विचारलं होतं. जवळपास ६० टक्के जण हवामानबदलाने खूप किंवा अतिशय काळजीत होते. मी ते वाचून आधी जरा सुखावले, एकटी नाही म्हणून, आणि मग लक्षात आलं की मी चोपन्न वर्षांची आहे. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजून सांगितलं, "बातम्या कमी करा, रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा." ठेवला. चार दिवस बरं गेलं. पाचव्या दिवशी अंधारात चाचपडत दुसऱ्या खोलीत गेले आणि टीपॉयला नडगी आपटून घेतली. त्याआधी एक काळ असा होता की मी सगळ्यांना सुधारायला निघाले होते. भाजीवाल्याशी पिशवीवरून हुज्जत, वॉचमनशी पाइप लावून गाडी धुण्यावरून, बहिणीच्या मुलाशी त्याच्या बालीच्या ट्रिपवरून. त्या भांडणांनी कार्बन किती वाचला देव जाणे. बहिणीने मात्र सहा महिने फोन केला नाही.

सासूबाईंना यातलं काही कळत नाही असं मी धरून चालले होते. त्या पुण्याच्या, नारायण पेठेत वाढलेल्या, म्हणजे त्यांच्या आयुष्याचे दोनच भाग: पानशेतच्या आधी आणि पानशेतनंतर. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. शाळेतून परत पाठवलं, आईने हाताला धरून जिना चढवला, आणि वरून त्यांनी एक लाकडी पाळणा रस्त्यातून वाहत जाताना बघितला. रिकामा होता, असं त्या दर वेळी आवर्जून सांगतात. मला वाटतं तो रिकामा होता हे त्या स्वतःलाच सांगत असतात. २०१९ च्या पुरानंतर टीव्ही बघता बघता त्या एकदम म्हणाल्या, "तेव्हा निदान धरण फुटलं होतं गं. आता काही न फुटताच पूर येतो." याच सासूबाई लहानपणापासून म्हणत आल्या, 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा.' उत्तरा नक्षत्रात पाऊस पडला की भात इतका पिकणार की कुत्रंही तोंड लावणार नाही. २५ सप्टेंबरला उत्तराच चालू होतं. त्यांनी ती म्हण त्या वर्षी म्हटली नाही. पुढच्या वर्षीही नाही.

जुलैत एका रविवारी मी मावशींच्या मागे लागून त्यांच्या घरी गेले. त्यांना बरंच अवघडल्यासारखं झालं, मला त्याहून जास्त. आमच्या गेटपासून उतार धरला की सात मिनिटं. सात मिनिटांत रिक्षास्टँड, दवाखाना, पिठाची गिरणी मागे पडते आणि हवा बदलते. वास येतो आधी, ओढा दिसतो नंतर. ज्या ओढ्याला पेशवाईत बांध घालून पर्वतीचं तळं केलं आणि ज्याची वाटच वळवून टाकली, तो हा आंबील ओढा. आता त्यात काळं पाणी, थर्माकोल आणि एक बगळा होता. दाराला चार पायऱ्या. आत भिंतीला निळा रंग, आणि साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर एक फिकट आडवी रेघ, तीनदा रंग देऊनही वर आलेली. माळ्यावर स्टीलचा डबा. त्यात रेशन कार्ड, आधार, नातीचा जन्मदाखला, सगळं दुधाच्या पिशव्यांत गुंडाळलेलं.

"तुम्हाला कळतं कसं, पाणी येणार ते?" मी विचारलं.

"वासावर," त्या म्हणाल्या. "रोज गटाराचा वास असतो ना, त्याची सवय झालेली. वर डोंगरात लई पडला की तो वास जातो आणि मातीचा वास येतो. गावाकडं पहिल्या पावसाला यायचा तसा. तो आला की उठायचं. पोरीला उचलायचं, डबा घ्यायचा. मग वेळ नसतो."

मातीचा वास. आम्ही लिहिणारे लोक दर जूनमध्ये ज्याच्यावर पानंच्या पानं खर्ची घालतो तो. मी स्वतः घातली आहेत. त्या दिवशी चहा पिताना मला त्या पानांची लाज वाटली, आणि लाज वाटून घेण्यातही काही अर्थ नाही असंही वाटलं. चहात आलं भरपूर होतं. मावशींची नात, चौथीतली, दारात बसून माझ्या चपलेचा बंद निरखत होती.

परतताना चढावर दम लागला तेव्हा डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. माती वरून येते. म्हणजे कात्रजच्या डोंगरात पाऊस पडतो तेव्हा आणि मावशींना वास येतो तेव्हा, यांच्यामध्ये काही वेळ असणार. तो किती?

इथे माझ्या रात्रीच्या वाचनाचा पहिल्यांदा उपयोग झाला. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास मी कधीतरी घाबरत घाबरत वाचला होता: मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कारण समजायला अवघड नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि तापलेला अरबी समुद्र ते पुरवायला बसलेलाच आहे. पाऊस महिनाभर रिमझिमायचा सोडून दोन तासांत ओतून मोकळा होतो. आणि तो ओततोही तुकड्यातुकड्याने. शिवाजीनगरला भुरभुर आणि कात्रजला प्रलय. याच वाचनात केरळातल्या कोट्टायम जिल्ह्यातलं मीनाचिल नदीचं प्रकरण होतं. तिथे नदीकाठचे लोक आणि शाळेतली मुलं घरोघरी पाऊस मोजतात, नदीची पातळी बघतात, खालच्या गावांना कळवतात. तेव्हा मी ते "वा, छान" म्हणून पुढे सरकवलं होतं.

पर्जन्यमापक करायला लागतं काय? सरळ उभ्या बाजूंची प्लॅस्टिकची बाटली, कात्री, पट्टी. बाटलीचा गळा कापून उलटा नरसाळ्यासारखा आत बसवायचा. तळ वेडावाकडा असतो, म्हणून खाली खडे आणि पाणी घालून तो सपाट करायचा आणि तिथून शून्य धरून वर मिलिमीटरच्या खुणा करायच्या. भिंतीपासून, झाडापासून लांब ठेवायचा. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस मोजतं, म्हणून आपणही साडेआठला. एवढंच.

एवढंच म्हणायला. पहिल्या दिवशी वाऱ्याने बाटली आडवी झाली. दुसऱ्या दिवशी कावळा पाणी पिऊन गेला, इसापाने शिकवल्यासारखा. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने "इथे पाणी साठलंय, डास होतील" म्हणून ते तुळशीला घातलं, आणि आमच्या बावीस वर्षांच्या संसारातलं एक अत्यंत शास्त्रीय भांडण झालं. वर कात्रजजवळ, भिलारेवाडीच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या आतेभावानेही बाटली लावली होती. त्याच्या-माझ्या नोंदींवरून बोलता बोलता तो म्हणाला, "तू उभ्याने वाचतेस का?" उभ्याने, वरून बघितलं की पट्टीवर पाण्याची पातळी आहे त्याहून वर दिसते. डोळा पाण्याच्या रेषेत आणावा लागतो. पंधरा दिवसांच्या नोंदी मी खोडल्या.

वहीत आकडे साठायला लागले. १२. ०. ३. ४६. हवामान खात्याच्या हिशेबात ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार' पाऊस सुरू होतो. त्या पॉइंट पाचचं मला फार कौतुक वाटतं. इतक्या बेबंद गोष्टीला कुणीतरी इतक्या काटेकोरपणे कुंपण घातलंय. एका मिलिमीटरचा अर्थ एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमच्या इमारतीची गच्ची आहे साधारण ३०० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पडला की १५ हजार लिटर. हा गुणाकार मी वहीच्या समासात केला आणि पेन्सिल खाली ठेवली. एप्रिल-मे महिन्यात सोसायटी दहा हजार लिटरच्या टँकरला पैसे मोजते. तसा दीड टँकर आम्ही एका संध्याकाळी पाइपातून उतारावर सोडतो. उताराच्या टोकाला चार पायऱ्या आणि निळी भिंत. एका गच्चीची ही कथा, आणि आमच्या सहकारनगरात गच्च्या किती!

शोषखड्ड्यासाठी सोसायटीच्या तीन सभा झाल्या. त्यांचं वर्णन करायला वेगळा लेख लागेल. पेव्हर ब्लॉक उचकटावे लागणार म्हटल्यावर एकाने विचारलं की त्याच्या गाडीने काय हवेत राहायचं का. दुसऱ्यांना पाया खचेल अशी भीती होती. मी वही घेऊन उभी राहिले. गंमत अशी की आवाज चढवावा लागला नाही. आकडे वाचून दाखवले आणि टँकरची बिलं. लोकांना ओढ्याचं काही वाटलं असेल-नसेल, बिलाचं वाटलं. गच्चीचं पाणी आता गाळणीतून बंद पडलेल्या बोअरशेजारच्या खड्ड्यात जातं. सगळं जात नाही. मोठ्या पावसात खड्डा तुडुंब होतो आणि उरलेलं पूर्वीसारखंच उताराला लागतं.

आता आम्ही नऊ जण आहोत. वरच्या अंगाला आतेभाव आणि त्याच्या ओळखीचे तिघं, मध्ये मी आणि एक निवृत्त शिक्षक, खाली मावशी, त्यांची शेजारीण आणि किराणा दुकानवाले. व्हॉट्सॲपच्या या ग्रुपचा नियम एकच: फक्त आकडा किंवा पाण्याची पातळी. गुड मॉर्निंग नाही, फुलं नाहीत. मावशींना टाइप करायला आवडत नाही, त्या आवाज पाठवतात. "तिसरी पायरी," एवढाच. वर पडल्यापासून खाली पाणी चढायला कधी पाऊण तास लागतो, कधी त्याहून बराच जास्त. जमीन आधीच भिजलेली असली की वेळ कमी. दोन पावसाळ्यांच्या नोंदींवर याहून ठाम बोलायची माझी हिंमत नाही.

आणि हेही सांगायला हवं की बाटली पुष्कळदा कुचकामी ठरते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पहाटे पाणी शिरलं, ते खडकवासल्याच्या विसर्गाचं. आमच्या बाटलीला त्यातलं काय कळणार? २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे ला मुंबई-पुण्यात येऊन थडकला, मुंबईत तर आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. तेव्हा माझी वही उघडलेलीसुद्धा नव्हती. गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया होत्या. चादरीसकट उचलून आत आणल्या तरी त्यांना बुरशी आलीच, आणि त्या ओलसर, आंबूस वासाने घर दोन दिवस भरून राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "रोहिणीत वाळवण भिजलेलं मी नाही बघितलं." मी त्या रात्री पुन्हा मोबाइल घेऊन बसले, पहाटेपर्यंत. थ्वेट्स होतीच तिथे.

जगाचं तापमान माझ्या बाटलीने एका अंशाच्या लाखाव्या भागानेही उतरत नाही, हे काय मला कळत नाही का? कळतं. कधी कधी साडेआठला गच्चीवर उभी असताना स्वतःचंच हसू येतं: चोपन्न वर्षांची बाई, हातात पेन्सिल, आणि समोर थंड पेयाची कापलेली बाटली. पण पूर्वीची भीती सगळीकडे असायची, ग्रीनलंडात, गॅसच्या शेगडीत, बहिणीच्या मुलाच्या तिकिटात. हल्ली ती बहुतेक वेळा कात्रज आणि आमच्या गिरणीच्या मध्ये कुठेतरी असते. झोप अजूनही मोडते. मोडली तर मी आता खिडकी उघडते आणि नाक बाहेर काढून वास घेते. दुसऱ्या मजल्यावर येत नाही काही.

मागच्या पावसाळ्यातली उत्तरा नक्षत्रातली एक रात्र. साडेनऊपासून लागला होता. दहाला मावशींचा फोन आला.

"ताई, वरचा आकडा किती?"

"३८. अजून चालू आहे."

फोनमध्ये पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. त्या काही बोलल्या नाहीत.

"वास आला का?" मी विचारलं.

"नाही अजून. दुसरी पायरी." मग थांबून, "पोरीला पाठवते तुमच्याकडं. डबा पण देते. आम्ही दोघी बसतो जागं."

"तुम्हीही या की वर."

"येऊ. वास आला की येऊ."

नात भिजत आली, छातीशी स्टीलचा डबा. सासूबाईंनी तिचं डोकं पुसलं, तिला गरम वरणभात दिला आणि पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "उत्तरातला पाऊस." पुढचं बोलल्या नाहीत. पोरगी दिवाणावर झोपली. मी साडेअकराला ५२ लिहिले, साडेबाराला वरून आलेले ५९. एक वाजता मावशींचा आवाज आला, "तिसरी पायरी." दोनला पुन्हा, "तिसरीच." तीनला काहीच आलं नाही, आणि तो अर्धा तास मला त्या सगळ्या वर्षांतल्या जागरणांपेक्षा लांब वाटला. साडेतीनला, "दुसरी. झोपा आता."

सकाळी साडेआठला मी गच्चीवर गेले तर पोरगी मागोमाग आली. आभाळ धुतल्यासारखं होतं आणि पर्वतीवरचं देऊळ अगदी हाताशी दिसत होतं. मी बाटलीपाशी वाकून डोळे बारीक केले. चष्मा खालीच राहिला होता.

"चौऱ्याहत्तर," मी म्हणाले.

"काकू, असं उभ्यानं नका बघू," ती म्हणाली. ती ओल्या फरशीवर मांडी घालून बसली होती, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून. "खाली बसा. वरून बघितलं की जास्त दिसतं."

मी बसले. ७१ होतं.